दोघी, तरी एकट्याच?

आम्हा नागपूरकरांना एका गोष्टीचा भारी अभिमान. आमचं शहर देशाच्या मध्यावर आहे म्हणून! पाहुणा आला की त्याला झिरो माइलचा दगड दाखवायचा, बाजूचे चार घोडे दाखवायचे, फोटो काढायचा, हा ठरलेला कार्यक्रम. १९०७ साली, इंग्रजांच्या सर्वेक्षणाच्या काळात उभारलेल्या या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा अशा गावांची नावं आणि मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. काश्मीरकडून येऊन थेट कन्याकुमारीला जाणारा रस्ता आमच्या गावावरून जातो, हेही आम्ही पाहुण्याला ऐकवतो. पण मैत्रिणींनो, त्या रस्त्याने शेवटपर्यंत गेलेली बाई तुमच्या पाहण्यात आहे का? ट्रकवाले गेले, लष्कराच्या गाड्या गेल्या, मोटारसायकलवाली पोरं गेली. आपण मात्र फार तर बुटीबोरीपर्यंत, नाही तर कुणाच्या लग्नाला पांढरकवड्यापर्यंत.

२०१२ च्या जानेवारीत मी आणि माझी शाळेतली मैत्रीण त्या रस्त्याने शेवटपर्यंत गेलो. साधारण सतराशे किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. ड्रायव्हर नाही, पुरुष नाही, तिची जुनी मारुती आणि आम्ही दोघी. तेव्हा दोघींनीही पन्नाशी ओलांडलेली होती.

मैत्रिणीचं सासर हिंगणघाटचं. तिच्या गच्चीवरून हायवे दिसतो. आता तो ४४ नंबरचा झाला आहे, पण आम्हा जुन्या लोकांसाठी तो अजून सात नंबरच. वाळवणं घालताना, कपडे सुकवताना तिने तीस वर्षं त्यावरून जाणारे ट्रक पाहिले. त्यातल्या कित्येकांच्या पाटीवर 'टीएन २८' असायचं. हे तमिळनाडूतलं नामक्कल, असं तिच्या मिस्टरांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. "हे नामक्कल आहे तरी कसं, पाहायचं आहे मला," असं ती म्हणायची. मिस्टर म्हणायचे, "जाऊ एकदा." आपल्याकडच्या 'जाऊ एकदा'चं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

२०११ च्या पोळ्याच्या सुमारास ते अचानक गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न आला, "आता ही एकटी कशी राहील?" दिरांनी विचारला, नणंदेने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला. तिला मात्र कुणी विचारलं नाही. उत्तरही सगळ्यांनी मिळून ठरवलं. घर विकायचं, मुलाने पुण्यात मोठा फ्लॅट घ्यायचा आणि आईने त्याच्याकडे राहायचं. डिसेंबरात मुलगा हक्कसोडपत्राचा मसुदा टाईप करून घेऊन आला. तिच्या मुलाला खलनायक समजू नका हं! पोरगा गुणी आहे, आईची काळजी होती म्हणूनच तो हे करत होता. पण कागद तो कागदच.

त्यातच संक्रांत आली. गल्लीतल्या बायका वाण घेऊन घरोघरी निघाल्या आणि तिच्या दारावरून पुढे गेल्या. ज्या घरी वर्षानुवर्षं चाळीस-पन्नास बायकांचं हळदीकुंकू व्हायचं, त्या घराचं फाटक त्या दिवशी वाजलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "अगं, तुझी रजा शिल्लक आहे का? मी नामक्कल पाहायला चालली. येतेस का?"

"विमानाने जा ना, मावशी!"

घरोघरी मातीच्या चुली! माझ्या घरी आधी हसले, मग गप्प झाले. तिच्या मुलाने मलाच फोन केला. "मावशी, तुम्ही तरी समजवा तिला. विमानाची तिकिटं काढून देतो, चांगल्या टूर कंपनीबरोबर पाठवतो." मी म्हटलं, "बाळा, तिला कन्याकुमारीपेक्षा रस्ता पाहायचा आहे." तिच्याकडे तीन वर्षांपूर्वी काढलेलं लायसन्स होतं, पण बाजार ओलांडून तिने गाडी नेली नव्हती. निघायच्या आधी चार दिवस आम्ही रोज पहाटे जामपर्यंत जाऊन आलो. पाचव्या दिवशी तिने ट्रकला ओव्हरटेक केलं आणि आम्ही निघालो.

आमचे नियम साधे होते. सकाळी सहाला निघायचं, दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. दर दोन तासांनी चालवणारी बदलायची. मुक्कामाची खोली आदल्या दिवशीच फोनवर ठरवायची. पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ द्यायचं नाही. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मागच्या सीटवर संत्र्यांची पिशवी. पैसे तीन जागी ठेवलेले, कारण तेव्हा टोलवर रोख पैसे द्यावे लागत.

आणि तिच्या पर्समध्ये घडी घातलेला तो कागद. सही न केलेला.

प्रत्येक पुलावर एक नाणं

रस्त्याची मजा अशी, की तो नकाशातला भूगोल तुमच्या चाकाखाली आणून ठेवतो. वडनेर सोडलं की वर्धा नदी. पांढरकवड्याजवळ केळापूरच्या जगदंबेला हात जोडले, पुढे पैनगंगा ओलांडली की आपलं राज्य संपलं. तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं, त्यामुळे पलीकडे आंध्र प्रदेशच. पण आदिलाबादेत चहावाल्याने स्वच्छ मराठीत विचारलं, "मावशी, एकट्याच?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "बाप्पा, याला आपण दोघी दिसून नाही राहिलो का?"

मग तो आमचा खेळच झाला. हैदराबादच्या लॉजवर मॅनेजर, "अकेले?" कर्नूलच्या पुढे टायर पंक्चर झाला तेव्हा दुकानवाला आमच्या मागे वाकून गाडीत पुरुष शोधत होता. सेलमच्या खानावळीत मालकीणबाईने बोटाने आम्हा दोघींकडे दाखवून विचारलं, "तनियावा?" म्हणजे तेच, एकट्याच का! भाषा चार झाल्या, प्रश्न एकच राहिला. दोन पुरुष प्रवासाला निघाले तर ते 'मित्रमित्र'. दोन बायका निघाल्या तर 'एकट्या'. बाई किती जणी मिळून झाल्या म्हणजे एकटी राहत नाही, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

मैत्रिणीचा आणखी एक नेम होता. प्रत्येक मोठ्या नदीत नाणं टाकायचं. त्यामुळे पूल आला की गाडी मी चालवायची, असा करार! निर्मळच्या पुढे गोदावरी लागली तेव्हा ती हरखली. त्र्यंबकेश्वरला पाहिलेली ती बोटभर धार, हीच का ती? बीचुपल्लीला कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा. अनंतपूरच्या अलीकडे पेन्ना नदी आली तर पात्रात नुसती वाळू. तिने तरी नाणं टाकलंच. "बुडणार नाही, पण एखाद्या पोराला सापडेल." नामक्कल आणि करूरच्या मध्ये कावेरी लागली. कर्नाटक-तमिळनाडूचं पाण्यावरून भांडण म्हणून जिचं नाव फक्त बातम्यांत ऐकलेलं, ती समोर शांत वाहत होती.

आणि नामक्कल? ट्रकांचे सांगाडे घेऊन त्यांवर लाकूड-लोखंडाची बॉडी चढवणारे कारखाने रस्त्याच्या कडेने दिसत होते. याच गावात देशभर जाणाऱ्या ट्रकांच्या बॉड्या बांधल्या जातात आणि अंड्यांचाही मोठा व्यापार चालतो. एका कारखान्यासमोर आम्ही थांबलो. नवाकोरा ट्रक, अजून रंग ओला. ती त्याच्याभोवती फिरून आली आणि म्हणाली, "हा आता माझ्या घरावरून जाईल." तीस वर्षं जे नुसतं पुढून जात होतं, ते आज जागेवर उभं राहून पाहिलं, एवढंच. पण ती किती वेळ तिथून हलली नाही.

मदुराईचा गजरा

मदुराईला मीनाक्षीच्या देवळाबाहेर फुलवालीने माझ्या केसांत गजरा माळला आणि पाठोपाठ तिच्याही. न विचारता! मी दचकले. ती दोन क्षण थांबली, हात केसांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. रात्री गजरा काढून तिने उशाशी ठेवला. म्हणाली, "इथे मला कुणी ओळखत नाही गं. ओळखलं असतं तर दिला नसता." पाच महिन्यांत ती पहिल्यांदा रडली ती त्या रात्री. मी काही बोलले नाही. अशा वेळी सोबत असणं हेच काम असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिरुनेलवेली, नागरकोविल करत आम्ही कन्याकुमारीला पोहोचलो. रस्ता संपला. समोर पाणी. समुद्रातल्या खडकावर विवेकानंद स्मारक. ते उभं करण्यासाठी झटणारे एकनाथ रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, शिकले आमच्या नागपुरात, हे तिथे आठवून उगाच ऊर भरून आला. १९७० साली स्मारक पुरं झालं, तेही देशभरातल्या सामान्य माणसांच्या छोट्या देणग्या जमवून. शेजारच्या खडकावर १३३ फुटांचा तिरुवल्लुवर.

पण मैत्रिणीला भावली ती देवी. कन्याकुमारी म्हणजे कुमारीच. कथा अशी सांगतात, की शिवाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळला आणि लग्न झालंच नाही. लग्नासाठी आणलेल्या धान्याची वाळू झाली, म्हणून तिथली वाळू रंगीत. तेव्हापासून ती देवी देशाच्या टोकावर उभी आहे. तिच्या नथीच्या हिऱ्याचं तेज समुद्रातून खलाशांना दिसायचं म्हणे! मैत्रीण गाभाऱ्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "हिला नाही कुणी विचारत, एकटी कशी राहशील म्हणून. उलट साऱ्यांनी हिच्या भरवशावर देश सोडला."

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर बसून तिने पर्समधला कागद काढला. आम्ही पहिल्यांदा तो नीट वाचला. तुम्हीही हे लक्षात ठेवा. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई या सगळ्यांचा सारखा वाटा असतो. हक्कसोडपत्रावर सही करून ते नोंदवलं, की तो वाटा गेला. मागाहून परत मिळवणं सोपं नसतं. म्हणून कुणी कितीही जवळचा असो, न वाचता आणि ओळखीच्या वकिलाला न दाखवता सही करू नये. त्यात अविश्वास नाही, रीत आहे.

बाराव्या दिवशी आम्ही हिंगणघाटला परतलो. तिने मुलाला सांगितलं, "घर विकायचं नाही. मी इथे राहीन. मला यावंसं वाटेल तेव्हा येईन." तो दोन महिने रुसला. दिवाळीला सहकुटुंब आला आणि गच्चीवर आकाशकंदील त्यानेच लावला. पुढच्या संक्रांतीला तिने स्वतः हळदीकुंकू केलं आणि गल्लीतल्या दोन विधवा बायकांना आधी बोलावलं. काही जणी आल्या नाहीत. बऱ्याच आल्या.

त्या घरात ती आणखी अकरा वर्षं राहिली. २०२३ मध्ये गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पुण्याला गेली. पण जाण्याचा दिवस तिने ठरवला. घरात भाडेकरू आहेत आणि भाडं तिच्या खात्यात जमा होतं.

आपल्याकडे बायका बाहेर पडत नाहीत असं मुळीच नाही. रुक्मिणीच्या माहेराहून, कौंडण्यपूरहून पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा तिच्यासोबत बायका पायी जातात. वारीतल्या बाईला कुणी 'एकटी' म्हणत नाही. म्हणजे अडचण रस्त्याची नाही. देवासाठी निघालेली चालते, मुलाच्या परीक्षेसाठी निघालेली चालते. स्वतःसाठी निघाली की तिच्यासोबत कुणीच नाही असं सगळ्यांना दिसतं.

तुम्ही कन्याकुमारीलाच जा असं मी म्हणत नाही. यवतमाळहून माहूर करा, भंडाऱ्याहून रामटेक करा, गाडी नसेल तर एसटीने करा. आता तर बरंच सोपं झालं आहे. हायवेवर अडचण आली तर १०३३ आणि कुठल्याही संकटात ११२ हे नंबर मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा. टोलला फास्टॅग आहे. घरच्यांना रोज ठरल्या वेळी एक फोन करा, म्हणजे त्यांचाही जीव थाऱ्यावर राहतो. लायसन्स कपाटात असेल तर बाहेर काढा, त्याची मुदत संपली का ते पाहा.

आणि तुमच्या गल्लीतून दोघी-तिघी कुठे निघालेल्या दिसल्या, तर "एकट्याच का?" एवढं मात्र विचारू नका. "कुठवर जाणार?" असं विचारा.