सलग ७४ विजय आणि एक चुकलेलं उत्तर

आज बोलूया 'जेपर्डी!' या अमेरिकन क्विझ शोबद्दल. २००४ मध्ये केन जेनिंग्ज तिथे सलग ७४ गेम जिंकला आणि २५ लाख डॉलरहून जास्त घेऊन गेला. तो तेव्हा सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. मीही तेच काम करतो, म्हणून विचार आला, एवढं पाठ करायचं कसं?

तर नुसत्या पाठांतरावर भागत नाही. प्रश्न वाचून संपेपर्यंत बझर लॉक असतो. आधी दाबलात, तर पाव सेकंद तुम्ही बाद. तिघांनाही उत्तर येत असेल, तर तेवढ्यात गेम जातो.

माहिती कुठून आणायची? २०१९ मध्ये सलग ३२ गेम जिंकलेला जेम्स होल्झहाउर चक्क लहान मुलांची पुस्तकं वाचायचा! चित्रं भरपूर, माहिती मुद्द्याची. काल्पनिक पात्रांवरचे प्रश्न तर हमखास फसवतात. फ्रँकनस्टाइन हा राक्षस नव्हे, त्याला बनवणारा. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या डोरोथीचे बूट १९३९ च्या सिनेमात लाल, पण १९०० च्या मूळ पुस्तकात चंदेरी.

आणि जेनिंग्ज हरला कशावर? कोणत्या कंपनीचे ७०,००० हंगामी व्हाइट-कॉलर कर्मचारी बहुतेक वर्षाला चारच महिने काम करतात? तो म्हणाला, फेडेक्स. बरोबर उत्तर, एच अँड आर ब्लॉक, म्हणजे लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देणारी कंपनी. बघा ना, 'व्हाइट-कॉलर' आणि 'चार महिने', खूण प्रश्नातच होती.

आज तोच जेनिंग्ज तिथे प्रश्न विचारतो. आपण मात्र परीक्षेत प्रश्न पूर्ण वाचूया, काय?