मुखत्यारपत्र आणि नोटरीचा शिक्का

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण कोर्टाची पायरी न चढताही कायद्याचा कागद कधी ना कधी प्रत्येकाच्या घरात येतोच. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी 'एजन्सी' हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील १८२ व्या कलमाची व्याख्या लिहिली की चार गुण पदरात पडतात. तेच प्रकरण मुखत्यारपत्राच्या रूपाने घरी येते तेव्हा मात्र शिकलीसवरली माणसेही 'नोटरी करून आणले की झाले' एवढ्यावर विसंबतात. नोटरीचा शिक्का नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सोप्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न या लेखात करीत आहे.

आपल्या वतीने सही करण्याचा, हजर राहण्याचा किंवा व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला ज्या लेखाने दिला जातो, ते मुखत्यारपत्र. 'मुखत्यार' हा मूळचा अरबी शब्द मराठीप्रमाणे कन्नडमध्येही रुळला आहे. म्हणजे या मासिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना तो ओळखीचा आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत याच लेखाला 'प्रोकुरासांव' म्हणत. भारतात यासाठी १८८२ चा स्वतंत्र कायदा आहे. मुखत्यारपत्राचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एकाच ठरावीक कामासाठी दिलेले ते खास मुखत्यारपत्र आणि सर्व प्रकारच्या कामांसाठी दिलेले ते कुलमुखत्यारपत्र. नावात एका 'कुल' शब्दाचा फरक आहे, पण परिणामात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हे अंतर मला गेल्या वर्षी घरीच पाहायला मिळाले. मी शिक्षणासाठी घाटावर राहत असले, तरी आमचे घर चोर्ला घाटाखाली, गोव्यातील डिचोली तालुक्यात साखळी येथे आहे. आजीचे गुडघे धरले आहेत. घरपट्टी भरणे, विजेचे बिल, बँकेत पासबुक भरून आणणे या कामांसाठी तिने माझ्या चुलतभावाला मुखत्यार नेमायचे ठरवले. तो एका टंकलेखकाकडून चार पानी इंग्रजी मसुदा घेऊन आला. आजीची सही मोडी वळणाच्या मराठीत, आणि जिथे सही करायची तो मजकूर इंग्रजीत! मी एकेक कलम मराठीत सांगत गेले. पहिली तीन कलमे आमच्या कामाची होती. पुढच्या कलमांत मात्र घर विकण्याचा, गहाण टाकण्याचा, बक्षीस देण्याचा आणि पैसे स्वीकारून पावती देण्याचा अधिकार होता. यात भावाचा काहीच कावा नव्हता. टंकलेखकाकडे तयार नमुना होता, त्यात फक्त नावे बदलली होती. तरीही भाऊ दुखावला. "माझ्यावर भरवसा नाही का?" असे त्याने विचारले. आजी म्हणाली, "तू विकणार नाहीस हे मला ठाऊक आहे रे. मग ते त्यात लिहायचे कशाला?" मसुदा पुन्हा लिहिला गेला, दीड पानात मावला, आणि आजीच्या आग्रहाने मराठीत झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुखत्यारपत्र इंग्रजीतच हवे असे बंधन कायद्याने घातलेले नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीच्या शासकीय वापरालाही त्यात मुभा आहे. कागद इंग्रजीतच करावा लागला, तर 'मजकूर मराठीतून वाचून दाखविला व समजावून सांगितला' अशी ओळ शेवटी आग्रहाने घालून घ्यावी. सीमाभागात कन्नड कागदावर सही करणाऱ्या मराठी माणसाने आणि मराठी कागदावर सही करणाऱ्या कन्नड माणसानेही हेच करावे.

आता नोटरीकडे वळू. नोटरी हा १९५२ च्या नोटरी कायद्याखाली केंद्र किंवा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी असतो. सर्वसाधारणपणे दहा वर्षे वकिली केलेल्या व्यक्तीची या कामावर नेमणूक होते. त्याचा गोल शिक्का पाच सेंटिमीटर व्यासाचा असावा आणि त्यावर त्याचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक व नेमणूक करणारे सरकार यांचा उल्लेख असावा, असा नियम आहे. शिक्का पुसट असेल किंवा क्रमांक वाचता येत नसेल, तर तेथेच दुसरा उमटवून घ्यावा.

गोव्यात मात्र 'नोटरी' या शब्दाने थोडा घोटाळा होतो, कारण तेथे दोन प्रकारचे नोटरी आहेत. एक वर सांगितलेला वकील-नोटरी. दुसरा म्हणजे उपनिबंधक कचेरीतील विशेष नोटरी. मृत्युपत्रे आणि वारसांसंबंधीचे दस्त हे विशेष नोटरीचे काम. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली ही पद्धत आता २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्याखाली चालते. 'नोटरीकडे जा' असे कुणी सांगितले, तर कोणत्या नोटरीकडे, हे आधी विचारून घ्यावे.

प्रत्यक्ष काम कसे होते ते पाहू. मसुद्यात देणारा व घेणारा यांची पूर्ण नावे, वये, पत्ते व नाते असावे. मालमत्ता असेल तर गाव, तालुका आणि सर्व्हे क्रमांक असावा. अधिकार एकेक कलमात मोजून लिहावेत आणि मुदत घालावी. आवश्यक मूल्याचा मुद्रांक लावावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरून सही करून जाऊ नये. सही नोटरीसमोरच व्हावी लागते. सोबत आधार कार्ड किंवा पासपोर्ट, छायाचित्रे आणि शक्य तर ओळखीचे दोन साक्षीदार न्यावेत. प्रत्येक पानावर सही करावी आणि खाडाखोड असेल तेथे आद्याक्षरे घालावीत. नोटरी आपल्या नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख व शुल्क लिहून तेथेही सही घेतो. हा अनुक्रमांक आपल्या प्रतीवर आला आहे ना, हे पाहूनच उठावे. पुढे कधी वाद झाला, तर तीच नोंद आधाराला येते.

एवढा खटाटोप कशासाठी? नोटरीसमोर सही झालेले व त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र त्याच व्यक्तीने केले आहे, असे न्यायालय गृहीत धरते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हे ८५ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. ही तरतूद त्यातही आहे. म्हणजे सही खोटी आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. पण हा शिक्का फक्त सही करणारा कोण, एवढेच सांगतो. मजकूर तुमच्या हिताचा आहे किंवा मालमत्ता तुमचीच आहे, याची हमी तो देत नाही. आजीने ती चार पाने तशीच नोटरी केली असती, तर शिक्का तितकाच खरा ठरला असता आणि घर विकण्याचा अधिकारही तितकाच खरा ठरला असता.

काही कामांना तर हा शिक्का पुरतही नाही. स्वतः सही केलेला दस्त नोंदणीसाठी दुसऱ्याच्या हाती पाठवायचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणे भारतात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र निबंधक किंवा उपनिबंधकासमोर केलेले असावे लागते. साखळीकराला त्यासाठी डिचोलीची कचेरी गाठावी लागते. जो आजारपणामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे जाऊ शकत नाही, त्याच्या घरी जाऊन खात्री करून घेण्याची सोयही याच कलमात आहे. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते आणि म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून उगाच जिने चढवले जातात.

परदेशी असलेल्या नातेवाइकांसाठी हेच कलम वेगळी वाट देते. त्यांनी तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर सही केली तर चालते. मात्र कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा लागतो. गोव्यात आणखी एक पेच आहे. लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर गोव्याच्या कायद्याप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर मिळकत विकायला दोघांचीही संमती लागते. म्हणून मस्कतमधील काकांनी पाठवलेल्या मुखत्यारपत्रावर काकूंची सही नसेल, तर विक्रीचे काम तेथेच अडते.

मुखत्यारपत्राने मालकी मिळते, हा गैरसमजही दूर झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले की, कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या 'विक्री'ने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. सामान्यतः देणारा वारला की मुखत्यारपत्रही संपते. मुखत्याराचे स्वतःचे हित त्या व्यवहारात गुंतलेले नसेल, तर देणाऱ्याला ते रद्दही करता येते. पण रद्द केल्याचे मुखत्याराला, तसेच बँकेसारख्या संबंधितांनाही लेखी कळवावे. करार कायद्याच्या २०८ व्या कलमाप्रमाणे तिऱ्हाइताला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता अधिकार चालूच राहतो.

गोव्यात बनावट कागदपत्रांच्या आधारे परदेशस्थ किंवा दिवंगत मालकांच्या जमिनी बळकावण्याची इतकी प्रकरणे बाहेर आली, की जून २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. लबाडी करणाऱ्याला कायदा पकडील तेव्हा पकडील. पण खऱ्या कागदावर, खऱ्या सहीने, न वाचता दिलेला अधिकार परत मिळवताना कायदाही फारशी मदत करू शकत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपण पदवी घेऊन मोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासू तेव्हा तपासू. तोवर आपल्या घरी, शेजारी कुणी असा कागद घेऊन आले, तर तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवण्याचे काम आपण नक्की करू शकतो. आपल्यापैकी कित्येकांना मराठी, कन्नड आणि थोडीफार इंग्रजी येते. आजीच्या त्या दीड पानाला मला एक तास लागला. शिक्का मारायला नोटरीला पाच मिनिटे पुरतात. त्याआधीचा तो एक तास आपण द्यावा, एवढेच सुचवावेसे वाटते.