तीन दशकांची पेन्शन आणि घरांचे हिशेब

सरकारी नोकरी लागली की म्हातारपणाची चिंता मिटली, असा हिशेब मराठी घरांत वर्षानुवर्षं चालला. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता आणि माघारी बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. म्हणून तर प्राथमिक शिक्षकही फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मुलीच्या लग्नाला, मुलाच्या फ्लॅटला बिनघोर लावू शकत होता.

कारखान्यातल्या कामगारासाठी नोव्हेंबर १९९५मध्ये ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, आली. मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम तिच्यात जाऊ लागली. सूत्र साधं: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पण २०१४पासून पगार धरतात तो जास्तीत जास्त १५,००० रुपये. पस्तीस वर्षांची सेवा भरली तरी हातात ७,५००, आणि महागाई भत्ता नाहीच. नवरा गेला की बायकोला त्याच्या निम्मे, म्हणजे ३,७५०. नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला दोघी शेजारणी एकाच रांगेत उभ्या राहतात. सरकारी पेन्शनवालीची रक्कम भत्त्याबरोबर वाढत आलेली असते, ईपीएसवालीची होती तिथेच. किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये ठरली, ती दहा वर्षांनंतरही तेवढीच होती.

१ नोव्हेंबर २००५पासून राज्य सरकारच्या सेवेत आलेल्यांचीही जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत कर्मचारी संपावर गेले, तेव्हा त्यांतले अनेक जण चाळिशी-पन्नाशीत पोचले होते. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने पंचवीस वर्षांच्या सेवेवर निम्म्या मूळ पगाराची हमी देणारी योजना मंजूर केली. राज्यानेही लगेच ती स्वीकारली.

शेतमजुराला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला यातलं काहीच नव्हतं. त्यांना म्हातारपणी आधार श्रावणबाळ योजनेचा: २०२३पासून महिना १,५०० रुपये. बाकी भिस्त मुलांवर.

या तीस वर्षांत एक गोष्ट स्पष्ट झाली. आईवडिलांची पेन्शन तुटपुंजी असली की मुलाची बचत त्यांच्या औषधपाण्यात जाते आणि त्याचं स्वतःचं म्हातारपण उघड्यावर पडतं. म्हणून घराचं नियोजन करताना आधी आईवडिलांना महिना किती मिळतं ते बघावं, मग आपल्यामागे बायकोला किती मिळेल ते, आणि त्यानंतरच स्वतःची बचत ठरवावी. पण किमान पेन्शन महागाईशी जोडणं घराच्या हातात नाही. ते सरकारनेच करायला हवं, आणि आजचे पेन्शनर हयात असतानाच.