कांद्याचा खर्च: रोखीचा आणि घरचा

“एकरी किती खर्च आला?” खानदेशातल्या साक्री, पिंपळनेर, अडावद किंवा यावलच्या पट्ट्यातल्या कांदा उत्पादकाला हा प्रश्न विचारला, की उत्तर लगेच मिळते. साठ हजार, सत्तर हजार असा गोल आकडा येतो. तो खोटा नसतो, पण अपुरा असतो. बियाणे, खते, औषधे, लागवड आणि काढणीची उक्ती मजुरी, बाजार समितीपर्यंतचे भाडे हे सगळे लक्षात राहते, कारण त्यासाठी खिशातून पैसे गेलेले असतात. पहाटे वीज आली म्हणून उठून दिलेले पाणी, घरातल्या बायकांनी वाफ्यावर बसून केलेली खुरपणी, स्वतःच्या जमिनीचा खंड, साठवणीच्या चाळीत सडलेला माल यांचे पैसे कोणी मोजून दिलेले नसतात. त्यामुळे ते त्या आकड्यात येत नाहीत.

पीक किफायतशीर आहे की नाही, सरकारने कोणत्या दराने खरेदी करावी, नुकसान झाले तर किती भरपाई द्यावी, या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी हाच आकडा असतो. म्हणून तो कसा गोळा होतो, हे समजून घ्यायला हवे.

देशात पिकांचा लागवड खर्च काढणारी केंद्र सरकारची सर्वंकष योजना १९७०-७१ पासून चालू आहे. महाराष्ट्रात तिचे काम राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ करते आणि तिच्या पिकांत कांदाही आहे. तिची पद्धत चिकाटीची आहे. आधी तालुके निवडले जातात, मग शेजारच्या गावांचा एक समूह, मग त्या समूहातले शेतकरी. जमिनीच्या आकारानुसार पाच गट पाडतात. एक हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्यांपासून सहा हेक्टरपेक्षा जास्त असलेल्यांपर्यंत प्रत्येक गटातून दोन, असे दहा शेतकरी घेतले जातात. समूहासाठी नेमलेला कर्मचारी वर्षभर त्यांच्या घरी आणि शेतात जाऊन नोंदी ठेवतो. आज कोण कामाला आले, किती तास, बैलजोडी घरची की भाड्याची, खत शेणाचे की दुकानातले, हे त्या त्या वेळी लिहिले जाते.

याला पर्याय म्हणजे हंगाम संपल्यावर प्रश्नावली घेऊन एकदाच जायचे आणि आठवणीवर भिस्त ठेवायची. स्वस्त आणि झटपट होणारी ही पद्धत विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि संस्थांच्या पाहण्या बहुधा वापरतात. दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९५४-५५ पासून देशात शेती व्यवस्थापनाचे जे अभ्यास झाले, त्यांत तेव्हाच्या मुंबई राज्यातले नाशिक आणि अहमदनगर हे जिल्हे निवडले होते. रोजच्या नोंदींतून आणि एकवेळच्या पाहणीतून निघणाऱ्या आकड्यांची तुलना हा त्या अभ्यासांचा एक हेतू होता. त्याच्याही आधी, १९४० मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीधंद्याची पाहणी प्रसिद्ध केली होती.

कांद्यात आठवणीवरचा हिशेब जास्त फसतो. रोपवाटिकेपासून चाळ रिकामी होईपर्यंत उन्हाळ कांद्याचा संसार आठ-दहा महिने चालतो. ऑक्टोबरात टाकलेल्या रोपावर किती फवारण्या झाल्या, हे पुढच्या ऑगस्टमध्ये नेमके कोण सांगणार?

नोंदी हाती आल्या की त्यांची मांडणी होते. कृषी अर्थशास्त्रात खर्चाच्या पायऱ्या आहेत. ‘अ’ खर्चात रोखीने किंवा वस्तुरूपाने प्रत्यक्ष केलेला खर्च येतो. ‘ब’ मध्ये गुंतवलेल्या भांडवलाचे व्याज आणि स्वतःच्या जमिनीचा खंड मिळवला जातो. ‘क’ मध्ये घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरतात. महाराष्ट्रातल्या अभ्यासांत जमिनीचा खंड ढोबळपणे एकूण उत्पन्नाचा सहावा हिस्सा, शेतसारा वजा करून, असा काढण्याची रीत आहे. घरच्या श्रमाला गावातल्या मजुरीचा दर लावला जातो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराशी वर्षाचा व्यवहार ठरतो, तेव्हा त्याच्या सालाचा आकडा दोन्ही बाजूंना पक्का माहीत असतो. त्याच शेतात तेवढेच राबणाऱ्या मालकाच्या मुलाच्या वर्षाला मात्र कोणी आकडा लावत नाही.

समजा, एका एकरात उन्हाळ कांद्यावर ६० हजार रुपये रोख खर्च झाला आणि १०० क्विंटल माल निघाला. म्हणजे क्विंटलला ६०० रुपये. आता हाच माल चाळीत ठेवला, काही सडला, काही सुकला आणि ७५ क्विंटल बाजारात गेला. रोख खर्चच क्विंटलला ८०० वर पोहोचला. त्याला सरासरी १,२०० रुपये भाव मिळाला, हातात ९० हजार आले. शेतकरी म्हणेल, तीस हजार सुटले. पण घरच्यांनी पन्नास दिवस काम केले असेल आणि रोज ३०० रुपये धरले, तर १५ हजार झाले. जमिनीचा खंड सहाव्या हिश्श्याने आणखी १५ हजार. एकूण खर्च ९० हजार, क्विंटलला १,२००, नफा शून्य. व्याज आणि घसारा तर अजून धरलेलाच नाही. शेत तेच, शेतकरी तोच, उत्तर मात्र ६०० पासून १,२०० पर्यंत कुठलेही.

हा फरक कागदावरचा नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीत २०१८-१९ या कृषी वर्षासाठी देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात केवळ प्रत्यक्ष दिलेला खर्च वजा केला होता. घरच्या घरी वापरलेल्या गोष्टींचे मोलही खर्चात धरले, तेव्हा तेच उत्पन्न ८,३३७ रुपयांवर आले.

खर्चाची बाजू किचकट, तर उत्पन्नाची बाजू त्याहून अवघड. खरीप, रांगडा आणि उन्हाळ असे कांद्याचे तीन हंगाम. पहिले दोन लाल कांद्याचे, त्यांना साठवण फारशी सोसत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा टिकतो, पण पारंपरिक साठवणीत चार-सहा महिन्यांत तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत घट येते. शिवाय एकाच शेतातून मोठा कांदा, गोल्टी, जोडकांदा आणि डेंगळे निघतात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा. वर्तमानपत्रात छापून येणारा कमाल भाव एखाद्या निवडक वाहनाला मिळालेला असतो. तो आपल्या सगळ्या मालाला लावून नफा काढणारी पाहणी शेतकऱ्यावर अन्याय करते. हिशेबपट्ट्या जमवून प्रत्येक खेपेचे वजन आणि दर मांडल्याशिवाय खरी सरासरी कळत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हाती हमाली, तोलाई, भाडे जाऊन दोन रुपयांचा धनादेश पडला. पट्टी होती म्हणूनच ही गोष्ट देशाला कळली.

भावाचा मोठा भाग शेताबाहेर ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, ८ डिसेंबरला बंदी आली, ४ मे २०२४ रोजी ती शुल्क आणि किमान निर्यात मूल्यासह उठली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून संपले. या वीस महिन्यांत तीच जमीन, तेच बियाणे आणि तीच मेहनत असूनही दोन शेजाऱ्यांचा ताळेबंद केवळ विक्रीच्या तारखेमुळे वेगळा निघू शकतो. म्हणून एका वर्षाच्या पाहणीवरून ‘कांदा परवडतो’ किंवा ‘परवडत नाही’ असे ठरवणे धोक्याचे आहे.

भावाच्या या जोखमीसाठी जळगाव जिल्ह्यात एक तुलना उपलब्ध आहे. जैन उद्योगसमूह निर्जलीकरणासाठी पांढऱ्या कांद्याची करार शेती करतो. तिथे किमान दर लागवडीआधी ठरतो. खर्चाच्या नोंदी दोन्हीकडे ठेवल्या, तर भावाची जोखीम कमी झाल्याचे मोल किती, हे पांढऱ्या आणि लाल कांद्याच्या ताळेबंदांतून दिसू शकते. अशी पाहणी खानदेशात नियमित व्हायला हवी.

कांद्याचा खर्च सरकार मोजते, पण किमान आधारभूत किमतीच्या २२ पिकांत कांदा नाही. केंद्राची खरेदी भाव स्थिरीकरण निधीतून होते, ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा दर क्विंटलला २,४१० रुपये जाहीर झाला होता. खर्च मोजायचा आणि भावाची हमी द्यायची नाही, ही विसंगती जुनी आहे. शेतकरी नेते शरद जोशींनी पुणे जिल्ह्यातल्या चाकणला कांद्याचे आंदोलन उभे केले ते १९७८ मध्ये, स्वतःच्या शेतीचा जमाखर्च मांडून, आणि ‘उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव’ ही मागणी त्यातूनच घराघरांत गेली.

नोंद नसल्याची किंमत २०२३ च्या अनुदानात दिसली. फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला राज्याने क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत जाहीर केले आणि सातबारावर पीकपेऱ्याची नोंद मागितली. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली होती, तरी अनेकांच्या उताऱ्यावर कांदा चढलेलाच नव्हता. निम्म्याने किंवा खंडाने शेती करणाऱ्याचे तर नावच उताऱ्यावर नसते.

धुळे-जळगावात पाहणीला निघणाऱ्याने म्हणून एका शेतकऱ्याकडे निदान तीनदा जावे: लागवड संपल्यावर, काढणीनंतर आणि चाळ रिकामी झाल्यावर. चाळीत घातलेल्या आणि चाळीतून निघालेल्या मालाचे वजन वेगवेगळे लिहावे. सातबारावर नाव नसलेल्या वाटेकऱ्यालाही यादीत घ्यावे. आणि ओट्यावर बसलेल्या पुरुषाशी बोलून झाल्यावर घरातल्या बाईला स्वतंत्रपणे विचारावे की रोप काढायला, निंदायला, पात कापायला आणि चाळीतला कांदा निवडायला ती किती दिवस होती. तो आकडा तिच्याखेरीज कोणाकडेच नसतो.