सुतारकामाचें बहुकामी यंत्र : जोडसाधनें कोणतीं घ्यावींत?

वखर, डवरा, तिफण व बंडी यांची दुरुस्ती पूर्वीं गांवचा वाढई बलुत्यावर करीत असे. आतां पेरणीच्या ऐन दिवसांत तो सांपडेलच असें नाहीं. म्हणून रंधा, करवत व गिरमिट एकाच बैठकीवर असलेलें विजेचें यंत्र घ्यावें, असें नागपूरकडील कित्येक शेतकरी बंधूंच्या मनांत येतें. विक्रेता त्याबरोबर जोडसाधनांची लांबलचक यादी पुढें करितो; तींतील सर्व घेण्याचें कारण नाहीं.

पहिला पैसा करवतीचें झांकण व तिच्या पाठीमागें उभी राहणारी पोलादी पट्टी यांवर खर्चावा. बाभळीची फळी उभी चिरतांना चीर मागें मिटते, पातें दाबलें जातें व फिरते दांत फळी उचलून कामकऱ्याच्या अंगावर भिरकावतात. पट्टी ती चीर उघडी ठेवते. ती पात्याच्या पत्र्याहून जाड, पण दांतांच्या चिरेहून किंचित् बारीक असावी. आमच्या यंत्राबरोबर ती आलीच नव्हती. 'कोणी वापरीत नाहीं,' असें विक्रेत्यानें सांगितलें. एका फळीनें पोटावर आघात केल्यानंतर आम्ही ती निराळे दाम देऊन आणविली.

पातीं दोन पुरेत : उभें चिरण्यास २४ दांतांचें व आडवें कापण्यास ६० दांतांचें. सागवानांत सिलिकेचा अंश असल्यामुळें साध्या पोलादाची धार लवकर जाते. कार्बाइडच्या टोकांचें पातें महाग असूनही परवडतें. पात्यावर छापलेली कमाल गति अवश्य पाहावी. मोटर मिनिटास १,४४० फेरे घेत असून तिची पुली ६ इंची व पात्याकडील ३ इंची असल्यास पातें २,८८० फेरे घेईल. हा हिशेब दुकानांतच करावा.

शेतकऱ्यास खरी उपयोगी जोड चौकोनी भोंकें पाडण्याची. पोकळ पटाशीच्या आंत गिरमिट फिरतें. वखराच्या खोडाचें भोंक तींत नेटकें उतरतें. दोहोंच्या टोकांत सुमारें १/१६ इंच अंतर ठेवावें, नाहींतर तीं तापून निळीं पडतात. कठीण लाकडांत वरचेवर वर उचलून भुसा काढावा.

पलंगाचे पाय कांतण्याची जोड हौसेची आहे. ती मागाहून घेतां येते. ओंडके चिरण्याची मात्र घेऊंच नये, त्यास वनखात्याचा परवाना लागतो. तसेंच शेतीपंपाच्या जोडणीवर हें यंत्र चालवूं नये. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ अन्वयें तो अनधिकृत वापर ठरतो.