बेस राखा, पण वाट सोडा

कबड्डीत वाढलेल्या पोरांना सॉफ्टबॉल शिकवायचा, तर आधी त्यांच्या अंगातली एक सवय काढावी लागते. चढाईवर आलेल्या गड्याला अडवणे हा कबड्डीत पराक्रम असतो. सॉफ्टबॉलमध्ये मात्र हातात चेंडू नसताना धावणाऱ्याची वाट अडवणे नियमाविरुद्ध आहे. आमच्या अंजनवेलच्या मुलामुलींना हे चटकन पटत नाही. बेस आपण राखायचा, मग त्यावर पाय रोवून उभे राहिलो तर बिघडले कुठे, असे ती विचारतात.

पालकहो, बिघडते ते असे. क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू नाही आणि फटकावलेला चेंडू अडवण्याच्या कामातही तो नाही, अशा वेळी धावणाऱ्या मुलीला नुसते थबकावे लागले किंवा वळसा घ्यावा लागला, तरी तो अडथळा ठरतो. अंगाला अंग लागलेच पाहिजे असे नाही. पंच डावा हात आडवा धरतात, खेळ चालू राहतो आणि नंतर, अडथळा नसता तर ती ज्या बेसपर्यंत पोचली असती तो बेस तिला मिळतो. आपण 'आउट, आउट' म्हणून नाचत असतो आणि समोरच्यांची धाव मोजली जाते!

चेंडू हातात येण्याच्या बेतात होता, ही सबब पूर्वी चालत असे. अमेरिकेतील हौशी सॉफ्टबॉल संघटनेने ती २००४ साली नियमातून काढली. आम्हाला हा बदल फार योग्य वाटतो. आमच्याकडची जमीन जांभ्याची. घसरत येणाऱ्या मुलीचा घोटा बेसवर रोवलेल्या पायावर आपटला, तर तिला गुहागरला नाही तर चिपळूणला न्यावे लागते आणि बापाची त्या दिवसाची मजुरी बुडते. मैदानाच्या कडेवरून "अडव तिला!" असे ओरडणाऱ्या मोठ्या माणसांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मग उभे राहायचे कुठे? दुसऱ्या बेसवर, पहिल्या बेसकडची कड मोकळी सोडून, बाजूला, तोंड चेंडूकडे करून. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की ग्लोव्ह जमिनीलगत न्यावा. धावणारी आपल्या पायांनी तिथे येतेच. होमला कॅचरने रेषेवर न बसता मैदानाच्या आतल्या बाजूला राहावे. पहिल्या बेसवर दुहेरी बेस असेल तर सोपे जाते. पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा, बाहेरचा रंगीत भाग धावणाऱ्याचा.

एका गोष्टीत मुलांचा हमखास गोंधळ होतो. फटकावलेला चेंडू उचलायला क्षेत्ररक्षक वाटेत आला, तर हक्क त्याचा. तिथे धावणाऱ्याने बाजूने जायचे. सहकाऱ्याने फेकलेल्या चेंडूची वाट पाहत उभे राहणाऱ्याला ही सवलत नाही. तसेच चेंडू नसताना ग्लोव्ह लावल्याचा नुसता आव आणणे, हाही अडथळाच.

सरावाला खर्च काही नाही. वाळू भरलेली दोन पोती हे बेस. खेळात त्यांच्यामधले अंतर ६० फूट असते. लहानांसाठी कमी ठेवावे. पोत्याकडे येणारी दोन हात रुंद वाट चुन्याने आखावी, चुना नसला तर चुलीतल्या राखेने. चेंडू ग्लोव्हमध्ये थपकन वाजेपर्यंत त्या वाटेत पाय टाकायचा नाही. ज्याचा पाय आधी पडेल, त्याने पुढची फेरी धावणारा म्हणून खेळायची.