कोलेस्टेरॉल उतरलं की मनही उतरतं?

कोलेस्टेरॉल म्हटलं की आठवतं हृदय. पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो आणि तो मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल तिथं जवळपास पोचतच नाही.

तरीही शंका आली. 1990 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एका विश्लेषणात कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू घटलेले दिसले, अपघात, आत्महत्या आणि हिंसेनं झालेले मात्र वाढलेले! 1993मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॅलिफोर्नियातल्या रँचो बर्नार्डोचा अभ्यास आला. सत्तरी ओलांडलेल्या ज्या पुरुषांचं कोलेस्टेरॉल 160च्या खाली होतं, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं सुमारे तिप्पट आढळली. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी संबंध जोडणारा तर्कही तेव्हा मांडला गेला.

पण आधी काय? उदास माणसाचं जेवणावरून मन उडतं, वजन घटतं, कोलेस्टेरॉलही उतरतं. म्हणजे गाडी उलट्या दिशेनंही धावत असेल. पुढं स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत ती जुनी भीती खरी ठरली नाही. गोळ्या सुरू असताना मन खिन्न राहू लागलं, तर डॉक्टरांना सांगा. परस्पर बंद करू नका.